भूगोलच शिकायचा तर एवढ्या दूर काऊन?

या महिन्यात पत्रांचा ढीग आहे आणि निम्मी पत्रं ॲडमिशनची आहेत. त्यातली भूगोलाची तीन निवडली, कारण हा माझा विषय आहे, मी तीस वर्षं कॉलेजात तो शिकवला आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते ऐकून मला अजूनही वाईट वाटतं.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बारावी आर्ट्स झाली, सीयूईटी म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा दिली होती आणि बनारस हिंदू युनिव्हर्सिटीत बी.ए.ला भूगोल मिळेल असं दिसतंय. घरी सांगितलं तर बाबा म्हणतात पोट्टी एकटी एवढ्या दूर काय करन, अन् भूगोलच शिकाचा तर इथंच जवळपास शिक ना, जमीन तर सगळीकडं सारखीच. मामा म्हणतात नर्सिंग कर नाहीतर पोलीस भरतीला लाग. आमची सात एकर कोरडवाहू आहे, कापूस अन् तूर. मला नकाशे लहानपणापासून आवडतात, सातवीत मी आमच्या गावाचा नकाशा काढला होता अन् त्यात एकूणएक विहीर दाखवली होती. पण खरं सांगू का मॅडम, भीती मलाही वाटते. तिथं नेमकं काय शिकवतात? अन् पुढं त्याचं होते काय?

उत्तर : बेटा, तुझ्या पत्रातली विहिरीची ओळ वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि जरा वेळ तशीच बसले. सातवीतली पोरगी गावातल्या एकूणएक विहिरी कागदावर मांडते, आणि तिला आपण विचारतो की भूगोल कशाला.

आता तोच नकाशा परत काढ. कोणत्या विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी असते आणि कोणती दिवाळी झाली की तळ दाखवते हे तुला पाठ असेल. त्याच्यापुढे एकच शब्द लिही, काऊन? दोन विहिरी, मधात एक धुरा म्हणजे बांध, एकीला पाणी अन् दुसरीला नाही, असं काऊन होते? आपल्या यवतमाळकडे खाली काळा पाषाण आहे, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला त्याचा. घट्ट थरात पाणी शिरतच नाही, ते राहते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगा-सांध्यांत, त्यामुळे जिची विहीर भेगेवर पडली तिचं नशीब. गावातले म्हातारे याला नशीबच म्हणतात आणि त्यांची काही चूक नाही, पण हे नशीब मोजता येतं, नकाशावर दाखवता येतं, आणि पुढची विहीर कुठं खोदायची हे सांगताना त्याचा उपयोग होतो. हे शिकायला तू चालली आहेस, बाबांना असं सांग.

आणि जमीन सगळीकडं सारखीच हे जे ते म्हणाले ना, त्याचं उत्तर रेल्वेच्या खिडकीतच आहे. नागपूरहून इटारसी, जबलपूर, सतना, प्रयागराज असा बनारसचा रस्ता. काटोल-नरखेडपर्यंत संत्र्याचे बगीचे अन् आपली काळी माती, मग गाडी वर चढायला लागते आणि मुलताई येते. तापी तिथून निघते हे सगळ्यांना शाळेत सांगतात, पण आपली वर्धा नदीही त्याच मुलताईच्या पठारी भागातून निघते. एकाच उंचवट्यावर पडलेल्या पावसातलं थोडं पाणी तापीतून सुरतेकडे अरबी समुद्रात जाते आणि थोडं वर्धेतून, प्राणहितेतून, गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. मी पहिल्यांदा त्या गाडीत बसले तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं, परत येताना माहीत होतं, आणि तो फरक मला अजून आठवतो. पुढे बैतूलनंतर सातपुड्याचा घाट, मग नर्मदेचं खोरं, मग विंध्य-कैमूरचे पठारी कडे, आणि एकदा ते उतरलं की दगड संपतो. अक्षरशः संपतो. गंगेच्या मैदानात गाळच गाळ, तिथल्या शेतकऱ्याला नांगराला दगड लागणं काय असतं ते माहीतच नाही. बाबांना पहिल्या खेपेला सोबत ने आणि खिडकीजवळ बसव.

बी.एच.यू. १९१६ ची, पंडित मदनमोहन मालवीयांनी गावोगाव, संस्थानोसंस्थानी फिरून वर्गणी गोळा करून उभी केलेली. भूगोल विभाग १९४६ पासूनचा, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीचा, आणि नॅशनल जिओग्राफिकल सोसायटी ऑफ इंडियाही त्याच साली तिथंच सुरू झाली. प्रा. राम लोचन सिंह तिथले, त्यांनी बनारस शहराचाच भूगोल पायी फिरून अभ्यासला आणि भारताच्या प्रादेशिक भूगोलावर जे काम उभं केलं ते आम्ही सगळ्यांनी वाचून परीक्षा दिल्या. जुन्या विभागाचा फायदा बिल्डिंगमध्ये नसतो, तो असतो साठलेल्या नकाशांमध्ये, जुन्या रिपोर्टांमध्ये, आणि वरच्या वर्गातल्या पोरापोरींमध्ये जे तुला रात्री अकराला बसून प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी मांडायची ते, समजावून देतात. सेंट्रल लायब्ररीला सयाजीराव गायकवाडांचं नाव आहे, बडोद्याच्या महाराजांनी तिला देणगी दिली होती. पहिल्या आठवड्यात कुठं परकं परकं वाटलं तर तिथं जाऊन बस.

शिकवतात काय म्हणशील तर पहिल्यांदा जमीन कशी घडते, हवा-पाऊस कसा चालतो, माणसं कुठं अन् का वसतात, हे सगळं. त्याच्यासोबत प्रॅक्टिकल, आणि खरा भूगोल तिथं कळतो. टोपोशीट म्हणजे उंच-सखलपणा दाखवणारा तपशीलवार नकाशा वाचायचा, समोच्च रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून, टेकडी डोळ्यापुढं उभी करायची, प्लेन टेबल अन् कंपास घेऊन सर्व्हे करायचा, थोडं संख्याशास्त्र, मग रिमोट सेन्सिंग आणि जीआयएस म्हणजे उपग्रहाचे फोटो अन् कॉम्प्युटरवरचे नकाशे. आपल्याकडच्या टोपोशीटांचा जुना नंबर ५५ नं सुरू होतो, बनारसचा ६३ नं. तू दोन्ही शेजारी ठेवून बघशील तेव्हा आपल्या शीटवर नाल्यांचं जाळं झाडाच्या फांद्यांसारखं दिसेल आणि तिकडच्या शीटवर जमीन इतकी सपाट की समोच्च रेषा शोधाव्या लागतात.

आणि शहर स्वतःच एक धडा आहे. गंगा बनारसला उत्तरेकडे वळते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला काठ उंच अन् टणक, कंकराचा म्हणजे चुनखडीच्या खड्यांचा, तिथं सगळे घाट, आणि समोरच्या काठावर नुसती वाळू, वस्ती नाही. असं काऊन, हे सर विचारतील तेव्हा तू घाटाच्या पायरीवर बसलेली असशील. त्या घाटांमध्ये एक भोसले घाट आहे, आपल्या नागपूरकर भोसल्यांनी बांधलेला, तिथं एकदा जाऊन ये.

मी एम.ए.ला गेले होते, अंजनगावकडून, कापसाचे पैसे आले तेव्हा बाबांनी तिकीट काढलं. पहिले पंधरा दिवस मी ज्वारीच्या भाकरीसाठी रडले, खोटं नाही सांगत. वर्गात हिंदी-इंग्रजी मिसळून चालायचं, इंग्रजी पुस्तक वाचताना एका पानाला तास लागायचा. दिवाळीपर्यंत अर्धा तास झाला. तुझंही तसंच होईल, घाबरून पुस्तक बंद नको करू आणि प्रत्येक इंग्रजी शब्दापुढं आपला शब्द लिहून ठेव, बेसॉल्टपुढं काळा पाषाण, अल्युव्हियमपुढं गाळ, वेदरिंगपुढं विदारण. माझी ती वही अजून आहे.

मुलगी एकटी म्हणून जी काळजी आहे ती बरोबरच आहे, बाबांवर चिडू नको. कॅम्पस तेराशे एकरांच्या आसपास आहे, मुलींचं महिला महाविद्यालय कॅम्पसमध्येच आहे, १९२९ पासून. मुलींची हॉस्टेलं आहेत, पण हॉस्टेल पहिल्याच यादीत मिळेल असं धरून नको चालू, पहिल्या महिन्याच्या खोलीचे पैसे वेगळे बाजूला ठेवा. फी सेंट्रल युनिव्हर्सिटी असल्यामुळे कमी आहे, हजारांतच, खर्च होतो तो राहण्या-जेवणाचा. आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि दरवर्षी आपली पोरं इथंच अडकतात : ओबीसीतून असशील तर राज्याचा दाखला तिथं चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो, तो चालू वर्षाचा पाहिजे. उद्याच सेतू केंद्रात जाऊन अर्ज टाक, तहसीलमध्ये जे दिवस लागतात ते तुला मी सांगायला नको. टीसी, मायग्रेशन, उत्पन्नाचा दाखला, सगळ्याच्या पाच-पाच झेरॉक्स. आणि सीट आल्यावर फी भरायला मुदत फार थोडी असते, तेव्हा खात्यात पैसे अन् फोनमध्ये रेंज दोन्ही पाहिजे, त्या दिवशी गावात न थांबता दारव्ह्याला येऊन बस.

पुढं काय होते याचं मी गोड उत्तर देणार नाही. नुसत्या बी.ए. भूगोलावर नोकरी धावत येत नाही. पण तिसऱ्या वर्षापर्यंत जीआयएस हातात बसलं, क्यूजीआयएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते घरी बसून शिकता येतं, तर कामाची दारं बरीच आहेत. आणि नीट बघ, त्यातली कितीतरी आपल्या नागपुरात आहेत : महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग सेंटर नागपूरला, देशभरच्या मातीचा सर्व्हे करणाऱ्या राष्ट्रीय ब्युरोचं मुख्यालय नागपूरला, इस्रोच्या रिमोट सेन्सिंगचं मध्य विभागाचं केंद्र नागपूरला. याशिवाय बी.एड. करून शिक्षिका, भूजलाची कामं, शहर नियोजन, पाणलोटाचे प्रकल्प, आणि यूपीएससीला भूगोल वैकल्पिक घेता येतो. मामांना सांग पोलीस भरती पदवीनंतरही देता येते. नर्सिंग फार मोठं काम आहे, पण ते जिला करायचंय तिनं करावं. तू विहिरी मोजत होतीस.

जा बेटा. आणि शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट निवडायची वेळ आली की दुसऱ्याचं बघून गंगेच्या प्रदूषणावर नको घेऊ, तिथं सगळे तेच घेतात. तुझ्या गावाच्या विहिरींवर घे. त्यांच्याबद्दल तुझ्याइतकं तिथं कोणाला माहीत नसेल.

प्रश्न : ताई, मी लोणार तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. माझा एक जुना विद्यार्थी आता अकरावीत आहे, सायन्सला, फार हुशार. यूट्यूबवर बघून म्हणतो की सर मला केंब्रिजला भूगोलाची पदवी करायची आहे. गावात लोक हसतात. वडील सालदार आहेत. मी त्याला खोटी आशा दाखवू नये असं वाटतं आणि त्याचं मनही मोडू नये असंही वाटतं. तिथं खरंच भूगोल एवढा मोठा विषय आहे का?

उत्तर : गुरुजी, आधी शेवटचं सांगते. हो, तिथं तो मोठा विषय आहे. केंब्रिज १२०९ पासूनचं, पण भूगोलाची स्वतंत्र पदवी परीक्षा तिथं १९१९ ला आली, ते तिला ट्रायपॉस म्हणतात. ऑक्सफर्डनं १८९९ मध्ये भूगोलाचा विभाग काढला. म्हणजे आठशे वर्षांच्या युनिव्हर्सिटीतही भूगोलाला आपली जागा भांडून मिळवावी लागली, हे त्याला सांगा, त्याला बरं वाटेल.

तीन वर्षांचा कोर्स. पहिल्या वर्षी सगळ्यांना दोन्ही बाजू शिकाव्या लागतात, हिमनद्या-नद्या-हवामान पण आणि शहरं-राजकारण-विषमता पण, मग पुढं हळूहळू आपली वाट निवडायची, शेवटी साधारण दहा हजार शब्दांचा स्वतःचा प्रबंध. सत्र आठ-आठ आठवड्यांची, वर्षात तीन. लेक्चर असतातच, पण खरं शिकणं होतं ते सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे दोन-तीन विद्यार्थी आणि एक शिक्षक, तुम्ही निबंध लिहून न्यायचा आणि तासभर तो तुमच्याशी त्याच्यावर वाद घालणार. आपल्या साठ-सत्तरच्या वर्गात शिकलेल्या पोराला हे पहिल्यांदा जड जातं, कारण आपण सरांना उलट प्रश्न विचारायला शिकवतच नाही. तुम्ही तेवढं आजपासून सुरू करा, त्याला काही खर्च लागत नाही. ध्रुवीय प्रदेशांची स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूट, १९२० ची, तीही तिथल्या भूगोलाशी जोडलेली आहे.

अर्ज यूकॅस नावाच्या एकाच पोर्टलवरून होतो, शेवटची तारीख साधारण १५ ऑक्टोबर, म्हणजे कोर्स सुरू होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी, बारावीच्या दिवाळीच्या आसपास. एका वर्षी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज, दोन्हीकडे टाकता येत नाही. मुलाखती डिसेंबरमध्ये. तिथं पाठांतर विचारत नाहीत, एखादा नकाशा नाहीतर फोटो पुढं ठेवतात आणि विचार करायला लावतात. या बाबतीत तुमचं पोरगं नशीबवान आहे हो. पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद उल्काविवर त्याच्या घराजवळ, तेही बेसॉल्टमध्ये झालेलं, जगात असं फार दुर्मीळ. २०२० च्या जूनमध्ये त्या विवरातल्या तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं, खारं पाणी आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि त्याच वर्षी लोणार रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं. हे पाठ करून बोलू नको म्हणा त्याला. दर महिन्याला एका ठरलेल्या दगडावरून पाण्याची पातळी वहीत लिहून ठेव म्हणा, कुठले झरे कधी वाहतात ते लिही म्हणा.

आता पैशाचं. परदेशी विद्यार्थ्याची फी, कॉलेजची फी आणि राहणं धरून वर्षाला अर्ध्या कोटीच्या वर जातं, आणि पदवीच्या पातळीवर पूर्ण खर्च देणाऱ्या शिष्यवृत्त्या हाताच्या बोटावर मोजण्याएवढ्या. कर्ज काढून जाऊ नये, सालदाराच्या घरानं तर मुळीच नाही, हे मी तुम्हाला ठामपणे सांगते. त्यानं अर्ज करायचा असेल तर करू द्या, पण शिष्यवृत्ती पूर्ण मिळाली तरच जायचं हे आधीच ठरवून.

पण दुसरा रस्ता आहे आणि तो मला जास्त पटतो. पदवी इथं करायची, चांगल्या विभागात, आणि मास्टर्सला बाहेर जायचं. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांना मिळते आणि ती मास्टर्स अन् पीएच.डी.साठीच आहे. भूमिहीन शेतमजूर हा शब्द नीट वाचा गुरुजी, वडिलांच्या नावावर जमीन नसेल तर तो दाखला कसा मिळतो याची चौकशी आत्तापासून करून ठेवा. बाबासाहेबांनी आधी मुंबईत एल्फिन्स्टनमधून १९१२ ला बी.ए. केलं आणि मग १९१३ ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. तेच सयाजीराव, ज्यांच्या लायब्ररीचं वरच्या उत्तरात लिहिलं. पोराला हे सांगा, त्याचं मन मोडणार नाही आणि खोटी आशाही होणार नाही. हसणाऱ्यांकडं तुम्ही लक्ष देऊ नका, तुमच्यासारखा एक माणूस त्याच्या बाजूनं आहे तर पुष्कळ झालं.

प्रश्न : मी हिंगणघाटला बी.ए. सेकंड इयरला आहे, भूगोल घेतला आहे. सोबतचे मित्र पुण्याला गेले. ते म्हणतात तुमच्या कॉलेजात काय शिकवतात, नुसतं नोट्स उतरवणं. आपण मागं पडलो असं वाटते. काय करू?

उत्तर : भाऊ, तुझी युनिव्हर्सिटीही काही कालची नाही, नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ चं, शंभरी झाली. पण तुला मी युनिव्हर्सिटीचं नाही, तुझ्या गावाचं सांगते.

विल्यम लॅम्बटन नावाच्या माणसानं १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि तिथून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, टेकड्यांवर, देवळांच्या शिखरांवर चढवत, वीस वर्षं उत्तरेकडे सरकत. नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ ला तो वारला, तुझ्या हिंगणघाटला. कबर तिथंच आहे. त्याचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं पुढं नेलं, आणि त्याच मोजणीतून पुढं १८५२ मध्ये राधानाथ सिकदरांच्या आकडेमोडीत कळलं की सगळ्यात उंच शिखर कोणतं. हे सगळं ज्याच्यापासून सुरू झालं तो माणूस तुझ्या कॉलेजच्या गावात झोपला आहे आणि मी विचारते तेव्हा तिथल्या दहातल्या नऊ पोरांना माहीत नसतं. मला याचा फार त्रास होतो रे.

तेव्हा नोट्स उतरवायच्या असतील तर उतरव, परीक्षेला लागतात. पण या रविवारी दोन मित्र घेऊन कबरीपाशी जा, फोनवर तिथला अक्षांश-रेखांश घे, वहीत लिही. लॅम्बटन दक्षिणेकडून उत्तरेकडे जी रेषा मोजत गेला ती महारेषा साधारण ७८ अंश रेखांशाजवळून जाते. आपल्या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे जवळपास १०४ किलोमीटर. तू ७८ च्या किती पूर्वेला उभा आहेस ते काढ, मग नकाशावर बघ तेवढ्या अंतरावर पश्चिमेला कोणतं गाव येते, आणि आलेलं उत्तर मला कळव.